झीटा शून्याजवळ आला, म्हणून काय सिद्ध झालं?

सांडपाण्यातला गढूळपणा काढण्यावरचे आठ-दहा पेपर एका बैठकीत वाचून काढा, एक आलेख तुम्हाला पुन्हा पुन्हा भेटेल. आडव्या अक्षावर कोॲग्युलंटचा डोस. डावीकडे गढूळपणा किती टक्के कमी झाला ते, उजवीकडे झीटा पोटेन्शियल, मिलिव्होल्टमध्ये. एक रेष वर चढते, दुसरी उणे वीसच्या आसपास सुरू होऊन शून्याकडे येते. दोन्ही जिथे छान जुळतात तिथे एक बाण असतो. आणि खाली चर्चेत साधारण असं वाक्य: उत्तम डोसला झीटा शून्याजवळ पोहोचला, म्हणून इथली यंत्रणा चार्ज न्यूट्रलायझेशनची आहे. लगेच पुढचा परिच्छेद एफटीआयआरचा.

ही पोस्ट त्या ‘म्हणून’बद्दल आहे.

तुमच्यापैकी काही जण आत्ता सिनॉप्सिस लिहीत असाल. त्यात ‘मेकॅनिझम’ नावाचा एक भाग असतो आणि तो बहुतेक वेळा आधीच्या पेपरांवरून उतरवला जातो. तसं करायच्या आधी हे वाचा. कणांच्या पृष्ठभागावरचा चार्ज त्यांना एकत्र येऊ देत नाही, यात वाद नाही. पण चार्ज गेला म्हणूनच पुंजके झाले, हे दुसरं विधान आहे, आणि वर सांगितलेला आलेख ते सिद्ध करत नाही. कित्येकदा त्या आलेखावरचा आकडासुद्धा लेखकांना वाटतो त्या गोष्टीचा नसतो.

आधी थोडी उजळणी, पटकन. सांडपाण्याचा पीएच साधारण सातच्या आसपास असतो आणि त्या पीएचला पाण्यातले बहुतेक बारीक कण ऋणभारित असतात. चिकणमातीच्या कणांत स्फटिकाच्या जाळीतच सिलिकॉनच्या जागी काही ठिकाणी ॲल्युमिनियम बसलेलं असतं, त्यामुळे ऋणभार कायमचा. जिवाणूंच्या आणि सेंद्रिय तुकड्यांच्या अंगावरचे कार्बोक्सिल, फॉस्फेट गट प्रोटॉन सोडून देतात, म्हणून तेही ऋण. या ऋण पृष्ठभागाभोवती पाण्यातले धन आयन गोळा होतात आणि एक ढग तयार होतो, त्यालाच डबल लेअर म्हणतात. दोन कण जवळ आले की आधी त्यांचे ढग एकमेकांना भिडतात आणि कण मागे सरतात. ढगाची जाडी पाण्यातल्या क्षारांवर ठरते. २५ अंश सेल्सिअसला, एकसंयुजी क्षार धरला तर, ०.३०४ भागिले आयनिक स्ट्रेंग्थचं वर्गमूळ, उत्तर नॅनोमीटरमध्ये. आयनिक स्ट्रेंग्थ ०.०१ मोलर असलेल्या सांडपाण्यात ३ नॅनोमीटर. समुद्राच्या पाण्यात ०.३६ च्या आसपास. नदीचा गाळ खाडीच्या तोंडाशी येऊन का बसतो, याचं एक कारण या दोन आकड्यांत आहे.

ढग पातळ झाला की कण इतके जवळ येऊ शकतात की व्हॅन डर वाल्स आकर्षण जिंकतं. हा हिशेब देर्यागिन आणि लांडाऊ यांनी १९४१ मध्ये आणि फेरवे आणि ओव्हरबेक यांनी १९४८ मध्ये मांडला, म्हणून डीएलव्हीओ. त्याच्याही आधी शुल्झ (१८८२) आणि हार्डी (१९००) यांनी दाखवलं होतं की क्षारातल्या विरुद्धभारी आयनाची संयुजा वाढली की फार कमी क्षारात कोलॉइड साकळतं. डीएलव्हीओतून याचं सूत्रही निघतं: भरपूर चार्ज असलेल्या पृष्ठभागासाठी लागणारी संहती संयुजेच्या सहाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात. द्विसंयुजी आयन ६४ पट प्रभावी, त्रिसंयुजी ७२९ पट.

पहिली घसरण इथेच होते. वर्गात हे शिकवून झालं की पुढचं वाक्य येतं: तुरटीत त्रिसंयुजी ॲल्युमिनियम असतं, म्हणून ती एवढी प्रभावी. ऐकायला छानच. पण सुटा त्रिसंयुजी ॲल्युमिनियम आयन फक्त बऱ्यापैकी आम्लधर्मी पाण्यात टिकतो. सातच्या आसपासच्या पीएचला तुरटी टाकल्या टाकल्या त्याचं जलापघटन सुरू होतं, मधली धनभारित रूपं बनतात आणि शेवटी ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा पांढरा, कापसासारखा अवक्षेप. शुल्झसमोर आर्सेनिक सल्फाइडचं सोल आणि साधे क्षार होते. तुमच्या बीकरमध्ये तसं काही नाही. शिवाय साध्या क्षाराने ढग नुसता दाबला जातो, कणाचा भार उलटा होत नाही. तुरटीचा डोस थोड्या आम्लधर्मी पाण्यात जास्त झाला तर कण चक्क धनभारित होतात आणि निवळलेलं पाणी पुन्हा गढूळ होतं. ही उलटापालट ढग दाबण्यातून येऊच शकत नाही. ती येते ॲल्युमिनियमची जलापघटित रूपं कणाला थेट चिकटण्यातून. तेव्हा प्रस्तावनेत शुल्झ-हार्डी आणि निष्कर्षात चार्ज रिव्हर्सल, दोन्ही एकाच पेपरमध्ये दिसले तर थांबा. लेखकांनी दोन वेगळ्या गोष्टी एकाच दोरीत ओवल्यात.

आता त्या आकड्याकडे येऊ. झीटा पोटेन्शियल म्हणजे पृष्ठभागावरचा चार्ज, असं सर्रास लिहिलं जातं. ते तसं नाही. कण हलतो तेव्हा पाण्याचा एक पातळ थर त्याच्यासोबत हलतो. त्या थराच्या बाहेरच्या कडेला जे विद्युत विभव असतं ते झीटा. आणि यंत्र तेही मोजत नाही! यंत्र विद्युत क्षेत्र लावून कण किती वेगाने सरकतो ते मोजतं. या वेगाचं मिलिव्होल्टमध्ये रूपांतर करायला स्मोलुचोव्स्कीचं १९०३ चं सूत्र वापरतात. पाण्यात, २५ अंशांना, मोबिलिटीच्या नेहमीच्या एका एककाला साधारण १२.८ मिलिव्होल्ट. कण डबल लेअरच्या जाडीपेक्षा खूप मोठा असेल तर हे ठीक चालतं. पण ह्युमिक पदार्थ, प्रथिनं असे अगदी बारीक घटक असतील तर ह्युकेलचं सूत्र लागतं आणि आकडा दीडपट होतो. म्हणजे मोबिलिटी उणे १.५ असेल तर एका सूत्राने उणे १९, दुसऱ्याने उणे २९. एकच नमुना, एकच मोजणी! कोणतं सूत्र वापरलं हे पेपरमध्ये लिहिलेलं नसतं, कारण ते सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून निवडलेलं असतं. जिवाणूंचं तर आणखी अवघड. त्यांच्याभोवती चिकट बहुवारिकांचं मऊ आवरण असतं, त्यात पाणी आरपार जातं, आणि ‘बाहेरची कड’ नेमकी कुठे हेच धड सांगता येत नाही.

तरीही तुलनेसाठी आकडा उपयोगी आहे, असं कुणी म्हणेल. मान्य. पण मग नमुना कसा घेतला ते बघा. इथे माझी खरी तक्रार आहे.

सांडपाणी यंत्राच्या प्रकाशकिरणासाठी फार दाट असतं, म्हणून पातळ करावं लागतं. पद्धतीच्या भागात ‘नमुने योग्य प्रमाणात विरल केले’ एवढंच लिहितात. कशाने? बहुतेक वेळा डीआयोनाइज्ड पाण्याने, कारण तेच हाताशी असतं. शंभरपट विरल केलं तर ०.०१ मोलरचं पाणी ०.०००१ मोलरचं झालं. ढगाची जाडी ३ वरून ३० नॅनोमीटरवर गेली. पीएच हलला. कणांवर सैलसर चिकटलेला कोॲग्युलंट सुटण्याची शक्यता वेगळीच. जो झीटा तुम्ही मोजला तो बीकरमधल्या कणाचा उरलाच नाही. उपाय साधा आहे: त्याच नमुन्याचं थोडं पाणी गाळून घ्या आणि त्या गाळलेल्या पाण्याने विरल करा. पाच मिनिटांचं काम.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे आणि कमी लक्षात येते. जार टेस्ट करायची: एक मिनिट जोरात ढवळणं, वीसेक मिनिटं हळू, मग अर्धा तास स्थिर. पुंजके तळाशी बसले की वरचं पाणी पिपेटने घ्यायचं, त्यात गढूळपणा मोजायचा आणि त्याच पाण्यात झीटाही. आता विचार करा, या वरच्या पाण्यात कोणते कण आहेत? जे पुंजक्यात सामील झाले नाहीत ते. गाडी सुटून गेल्यावर फलाटावर उरलेल्यांना विचारायचं, ‘काय हो, आत जागा कशी मिळाली?’ आणि मिळालेल्या उत्तरावर प्रबंध लिहायचा, असला हा प्रकार. ज्यांच्याबद्दल दावा आहे ते कण तळाच्या गाळात आहेत, आणि ते यंत्रात घालता येत नाहीत, कारण पुंजके मोठे असतात आणि मोजता मोजताच खाली बसतात. म्हणून नमुना जोरात ढवळणं संपलं त्या क्षणी, पुंजके वाढायच्या आधी घ्यायला हवा. पेपरमध्ये नमुना कोणत्या मिनिटाला घेतला हे लिहिलेलं नसेल, तर त्या आलेखाच्या उजव्या अक्षाकडे मी तरी फार गांभीर्याने बघत नाही.

‘±३० मिलिव्होल्टच्या बाहेर स्थिर, आत अस्थिर’ हा नियमही बऱ्याच ठिकाणी दिसेल. शाई, रंग, औषधं अशा मुद्दाम बनवलेल्या मिश्रणांसाठी तो ढोबळ अंदाज म्हणून चालतो. सांडपाण्यात उणे १५ वरही कण दिवसेंदिवस तरंगत राहतात आणि उणे १५ वरच उत्तम पुंजकेही होतात. ते कसं, हे पुढे येतंच.

समजा, मोजणी निर्दोष आहे. झीटा खरोखर शून्याजवळ आला आणि गढूळपणाही गेला. तरी ‘म्हणून’ टिकत नाही. मोजणीतल्या चुका एकवेळ सुधारता येतात, इथे तर्कातच भोक आहे.

तुरटीने पाणी निवळायचे मुख्य मार्ग दोन. एकात धनभारित रूपं कणांना चिकटतात, भार मिटतो, कण एकमेकांना चिकटतात. दुसऱ्यात हायड्रॉक्साइडचा भरपूर अवक्षेप होतो आणि तो खाली बसता बसता कणांना गुंतवून घेऊन जातो, जाळ्यात मासे यावेत तसा. याला स्वीप म्हणतात. आता गंमत बघा: ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा स्वतःचा झीटा पीएच आठच्या आसपास शून्य होतो. म्हणजे सात ते आठ पीएचला स्वीप चालू असेल, सगळे कण या कापसात गुरफटलेले असतील, तर यंत्र तुम्हाला कापसाचाच झीटा दाखवणार, आणि तो शून्याजवळच असणार. दोन्ही मार्गांनी आलेख सारखाच दिसतो. जो पुरावा दोन्ही उत्तरांना सारखाच लागू पडतो, तो दोघांतलं एक कसं निवडून देणार?

ही चर्चा नवी नाही. स्टुम आणि ओमेलिया यांनी १९६८ मध्ये कोॲग्युलेशनच्या स्टॉइकिओमेट्रीवर लिहिलं, आणि त्यातलं मुख्य सूत्र आजही सगळ्यात स्वस्त कसोटी आहे. भार मिटवणं हेच काम असेल, तर कण दुप्पट झाल्यावर डोसही साधारण दुप्पट लागेल, आणि डोस जास्त झाला तर पाणी पुन्हा गढूळ होईल. स्वीप असेल, तर डोस कणांच्या संख्येवर फारसा ठरत नाही. उलट कण फार कमी असतील तर जास्त डोस लागतो, कारण आधी अवक्षेपच पुरेसा व्हावा लागतो. म्हणजे करायचं काय? तीन वेगवेगळ्या गढूळपणाच्या पाण्यावर जार टेस्ट करा आणि उत्तम डोस कसा सरकतो ते बघा. झीटाच्या यंत्राला हात न लावता तुम्ही यंत्रणेबद्दल बरंच काही खात्रीने सांगू शकाल. एका गढूळपणाच्या एका पाण्यावर पंचवीस डोस घेऊन ते सांगता येणार नाही.

कण कमी असण्याचा मुद्दा थोडा उलगडून सांगतो, कारण ‘झीटा शून्य, तरी पाणी गढूळ’ हे कोडं त्यात सुटतं. भार मिटल्याने फक्त एवढंच होतं, की आदळलेले कण चिकटतात. पण आधी आदळायला तर हवेत. स्मोलुचोव्स्कीनेच १९१७ मध्ये दिलेल्या हिशेबाने, नुसत्या ब्राउनियन हालचालीवर सोडलं आणि प्रत्येक टक्कर यशस्वी धरली, तर एका मिलिलिटरमध्ये दहा लाख कण असलेल्या पाण्यात कणांची संख्या निम्मी व्हायला सुमारे ४५ तास लागतात. म्हणून ढवळावं लागतं, आणि पातळ पाण्यात स्वीपचा कापूस मुद्दाम तयार करावा लागतो, म्हणजे टक्कर द्यायला काहीतरी असेल. फ्लॉक्युलेशन हा जितका चार्जचा प्रश्न आहे तितकाच गाठीभेटींचा आहे. आपल्या पेपरांमध्ये या दुसऱ्या अर्ध्याला ‘३० आरपीएम’ एवढीच जागा मिळते.

याच संदर्भात अमिर्तराजा आणि मिल्स यांचा १९८२ चा नकाशा तुम्हाला दिसेल. आडवा अक्ष पीएच, उभा अक्ष तुरटीचा डोस, आणि मध्ये प्रदेश आखलेले: इथे भार मिटतो, इथे स्वीप, इथे पाणी पुन्हा गढूळ होतं. फार कामाचं चित्र आहे, मी ते टेबलासमोर चिकटवून ठेवलंय. त्यांचा खरा प्रश्न होता, जलद मिश्रणाची टाकी कशी बांधायची. भार मिटवायचा असेल तर जलापघटित रूपं सेकंदाच्या अंशात बनून चिकटतात, त्यामुळे पहिल्या सेकंदाचं मिश्रण निर्णायक. स्वीप असेल तर तितकी घाई नाही. ‘मेकॅनिझम’ हा शब्द प्रबंधात शोभेसाठी नसतो, तो याच्यासाठी असतो: चुकीची यंत्रणा लिहिली तर चुकीची टाकी बांधली जाते, चुकीचा डोस ठरतो. पण त्या नकाशाचा गैरवापरही बराच होतो. त्याच्या सीमारेषा पाण्यागणिक सरकतात. कण किती, सल्फेट-फॉस्फेट किती, विरघळलेले सेंद्रिय पदार्थ किती, यावर त्या अवलंबून आहेत. आपल्या सांडपाण्याचा पीएच आणि डोस त्यावर टिंबाने दाखवायचा आणि ‘हे बघा, आम्ही स्वीपच्या प्रदेशात आहोत’ म्हणायचं, हे दुसऱ्या गावाचा नकाशा घेऊन आपल्या गावात पत्ता शोधण्यासारखं आहे.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर केओलिनबद्दल दोन शब्द. सांडपाणी रोज बदलतं, म्हणून प्रयोगाला केओलिन टाकून केलेलं कृत्रिम गढूळ पाणी वापरतात. वापरा, हरकत नाही. पण ते पुष्कळदा डिस्टिल्ड पाण्यात करतात आणि क्षारता घालत नाहीत. हिशेब करू. १८ रेणू पाणी असलेल्या ॲल्युमिनियम सल्फेटचा ६० मिलिग्रॅम प्रतिलिटर डोस म्हणजे जवळपास ४.९ मिलिग्रॅम ॲल्युमिनियम, म्हणजे ०.१८ मिलिमोल. प्रत्येक ॲल्युमिनियममागे हायड्रॉक्साइड होताना तीन प्रोटॉन सुटतात. ते झेलायला कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात साधारण २७ मिलिग्रॅम प्रतिलिटर क्षारता लागते. घरगुती सांडपाण्यात ती कितीतरी जास्त असते. डिस्टिल्ड पाण्यात शून्य. मग पीएच धाडकन चारच्या दिशेने खाली येतो, हायड्रॉक्साइड नीट बनतच नाही, धनभारित विरघळलेली रूपं उरतात, आणि यंत्रणा भार मिटवण्याचीच दिसते. दिसणारच! प्रयोगाच्या मांडणीनेच दुसरा पर्याय बाद केलाय. आणि शीर्षकात ‘सांडपाणी प्रक्रिया’.

आता खऱ्या सांडपाण्याकडे, कारण चार्जच्या गोष्टीला सगळ्यात मोठा धक्का तिथे बसतो. ॲक्टिव्हेटेड स्लज घ्या. जगभरातल्या सांडपाणी प्रकल्पांत रोज जे सगळ्यात जास्त फ्लॉक्युलेशन होतं, ते तुरटीने होत नाही. ते या जिवाणूंच्या पुंजक्यांचं असतं. आणि चांगल्या, झटपट बसणाऱ्या स्लजचा झीटा मोजला तर साधारण उणे १० ते उणे २० मिलिव्होल्ट येतो. पुंजके झालेले आहेत, टाकी नीट चाललीय, पाणी स्वच्छ पडतंय, आणि झीटा शून्याच्या जवळपासही नाही. नेहमीच्या आलेखाच्या तर्काने हा स्लज तरंगत राहायला हवा होता.

तो तरंगत नाही, कारण जिवाणूंनी सोडलेली बहुवारिकं त्यांना बांधून ठेवतात आणि त्यांच्यातल्या ऋण गटांमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम पुलासारखे बसलेले असतात. कॅल्शियम पकडून घेणारं रसायन टाकलं की पुंजके सुटायला लागतात. १९९७ मध्ये हिगिन्स आणि नोवाक यांनी एकसंयुजी आणि द्विसंयुजी धन आयनांचं गुणोत्तर मांडलं, तुल्यभारात मोजून. ते दोनच्या वर गेलं की स्लज बसणं आणि त्यातलं पाणी निघणं, दोन्ही बिघडतं. यावर तुम्ही म्हणाल, कॅल्शियमने झीटाही कमी होतोच की. होतो. पण आयनिक स्ट्रेंग्थ वाढवून ढग पातळ करायचं काम सोडियमही करतो. नुसता ढग पातळ करणं महत्त्वाचं असतं तर सोडियम वाढल्यावर स्लज सुधारायला हवा होता. तो बिघडतो. फक्त चार्जच्या ढगावर उभी असलेली गोष्ट इथे उलटं भाकीत करते.

प्रकल्पावर याचा अर्थ काय? समजा, दुधाच्या किंवा खाद्यपदार्थांच्या कारखान्याचं सांडपाणी आहे. टाक्या आणि पाइप कॉस्टिक सोड्याने धुतात, पीएच सांभाळायलाही कॉस्टिकच. सोडियम वाढत जातो. बाहेर पडणारं पाणी गढूळ यायला लागतं. कुणीतरी झीटा मोजतं, उणे १८ येतो, निदान होतं ‘चार्ज जास्त आहे’ आणि धनभारित पॉलिमर सुरू होतं. पॉलिमर महाग, आणि कारण तसंच. कॉस्टिकच्या जागी चुना किंवा मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड वापरून बघायचं कुणाच्या डोक्यात येत नाही, कारण ज्या चौकटीत प्रश्न मांडला त्यात सोडियम आणि कॅल्शियम यांना वेगळी जागाच नाही.

पॉलिमरच्या बाबतीतही एकच शब्द पुरत नाही. लांब साखळीचं पॉलिमर एका कणावरून दुसऱ्यावर पूल बांधतं. ते भार मिटायच्या आधीच, कणाचा थोडाच पृष्ठभाग झाकलेला असतानाही काम करू शकतं. आखूड पण दाट धनभार असलेलं पॉलिमर ऋण पृष्ठभागावर धन ठिगळं लावतं आणि एकाचं ठिगळ दुसऱ्याच्या उघड्या जागेला चिकटतं. हे ठिगळांचं चित्र ग्रेगरी यांनी १९७३ मध्ये लॅटेक्सच्या कणांवर काम करताना वापरलं. इथे सरासरी झीटा शून्याजवळ येतो, पण कण चिकटतात ते ठिकठिकाणच्या आकर्षणामुळे, म्हणून नुसता भार मिटल्यापेक्षा वेग जास्त असू शकतो. सरासरीत ठिगळं दिसत नाहीत. पिण्याच्या पाण्यावर काम करणाऱ्यांपैकी काहींनी तर शून्याचा हट्टच सोडलाय. सेंद्रिय पदार्थ जास्त असलेल्या पाण्यासाठी इंग्लंडमधल्या एका गटाने उणे १० ते अधिक ३ मिलिव्होल्ट अशी खिडकी सांगितली, तिच्या आत कुठेही असलात तरी पाणी सारखंच चांगलं. ही मांडणी मला जास्त प्रामाणिक वाटते. आकडा प्रकल्प चालवायला वापरा, यंत्रणेचा दाखला म्हणून नको.

शेवटी नैसर्गिक कोॲग्युलंट, कारण आपल्याकडे या विषयावर सिनॉप्सिस फार येतात आणि त्यात शेवगा हमखास असतो. शेवग्याच्या बियांतली प्रथिनं धनभारित असतात. १९९५ मध्ये न्दाबिगेन्गेसेरे, नरसय्या आणि टॅल्बॉट यांनी त्यांचा समविद्युत बिंदू पीएच १० ते ११ च्या दरम्यान असल्याचं दाखवलं आणि यंत्रणा अधिशोषण व भार मिटवणं अशी सांगितली. चांगलं काम आहे. पण ते पाण्याने काढलेल्या अर्काबद्दल आहे. २००१ मध्ये ओकुदा आणि सहकाऱ्यांनी मिठाच्या द्रावणाने अर्क काढून शुद्ध केला. त्यांना सापडलेला क्रियाशील घटक प्रथिन नव्हताच, सुमारे ३००० रेणुभाराचा सेंद्रिय पॉलिइलेक्ट्रोलाइट होता. त्याला काम करायला कॅल्शियमसारखे द्विसंयुजी आयन लागत होते, आणि यंत्रणा त्यांनी जाळ्यात गुंतवण्याची सांगितली. बी एकच. नंतरचे कित्येक पेपर मिठाच्या पाण्यात अर्क काढतात आणि यंत्रणेसाठी संदर्भ १९९५ चा देतात. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये शेवगा असेल, तर अर्क कशात काढणार आणि पाण्यात कॅल्शियम किती असणार, हे आधी लिहा. बियांच्या कच्च्या अर्काने पाण्यातला सेंद्रिय कार्बन वाढतो हेही मोजा, ते टाळून बरेच जण पुढे जातात.

आणि निवळीकडे बघा. जिच्या नावातच निवळणं आहे, ती बी. सुश्रुतसंहितेत पाणी निवळवायला कतक सांगितलाय, तो हाच. घड्याच्या आतून बी घासायची आणि पाणी भरायचं, ही जुनी रीत. तिच्या अर्कातले क्रियाशील बहुवारिक ऋणभारित आहेत. मातीचे कण ऋण, अर्क ऋण, आणि पाणी निवळतं. यावर काम केलेल्यांनी पूल बांधण्याची यंत्रणा सुचवली आहे. ऋण बहुवारिकाला ऋण कणावर पाय रोवायला पाण्यातल्या द्विसंयुजी आयनांची मदत होते, हे इतर ऋण पॉलिमरच्या बाबतीत नीट माहीत आहे. इथे डोस वाढवून झीटा शून्याकडे येईल याची वाट बघत बसलात, तर बसूनच राहाल. एखाद्याला छोटा, स्वस्त आणि खरोखर उपयोगी प्रश्न हवा असेल तर तो इथे आहे: तीन गढूळपणाची पाणी, कॅल्शियम असलेलं आणि नसलेलं, शेवग्याचा आणि निवळीचा अर्क, नमुना जलद ढवळणं संपताच, विरलन गाळलेल्या त्याच पाण्याने. आणि क्षारता वहीत पहिल्या पानावर.